‘लाइव्ह’ आकडा नेमका कधीचा?

आकड्यांच्या मागे : भाग 6

दुकानातल्या काउंटरवर फाटलेलं बिल क्लाउडवरच्या डेटाबेसपर्यंत कसं पोचतं, ते मागच्या भागात पाहिलं. आता तो आकडा मालकांच्या पडद्यावर आणायचा आहे. काम सोपं आहे. पॉवर बीआयमध्ये ॲझ्युअर एसक्यूएलच्या सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड दिला की जोडणी झाली. डेटा क्लाउडवरच असल्याने बहुतेकदा गेटवेही बसवावा लागत नाही. पण त्याच खिडकीत इम्पोर्ट हवं की डायरेक्टक्वेरी, असं विचारलेलं असतं. घाईत तिकडे कोणी बघत नाही आणि पुढची निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात.

इम्पोर्ट म्हणजे डेटाची प्रत. ती पॉवर बीआयकडेच असते, त्यामुळे आलेख झटकन उघडतात; मात्र आकडे शेवटच्या रिफ्रेशच्या वेळचे. प्रो लायसन्सवर दिवसाला 8 रिफ्रेश लावता येतात, प्रीमियमवर 48. सलग 4 वेळा रिफ्रेश फसलं तर वेळापत्रकच बंद होतं. तशी ई-मेल जाते, पण डॅशबोर्ड बनवणाऱ्याच्या नावावर, आणि तो कधीच नोकरी सोडून गेलेला असतो!

डायरेक्टक्वेरीत प्रत नसते. पानावर 10 आलेख असतील तर पान उघडताच डेटाबेसकडे साधारण तेवढ्याच क्वेरी जातात. सोमवारी सकाळी 30 जणांनी ते उघडलं की 300. गूगलच्या बिगक्वेरीसारख्या डेटाबेसमध्ये तर वाचलेल्या डेटावर पैसे लागतात, म्हणजे प्रत्येक फिल्टर बिलात भर घालतो. हे टाळायला गूगलचं डॅशबोर्डचं साधन, लुकर स्टुडिओ, बिगक्वेरीची उत्तरं साठवून ठेवतं. ती मुदत आपण बदलली नाही तर 12 तासांची असते, त्यामुळे ‘लाइव्ह’ जोडणीवर संध्याकाळी सकाळचा आकडा दिसू शकतो.

घड्याळाची गोम वेगळीच. पॉवर बीआयच्या क्लाउड सेवेत ‘टुडे’ हे सूत्र यूटीसी वेळेने चालतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. दूध संघाने पहाटे पाचला ‘आजचं संकलन’ उघडलं तर कालची बेरीज समोर येते. ‘टुडे’मध्ये नुसते तास मिळवून भागत नाही, कारण ते मध्यरात्रीची वेळ देतं; त्याऐवजी ‘यूटीसीनाऊ’मध्ये साडेपाच तास मिळवून त्यातली तारीख घ्यायला हवी.

माझं मत विचाराल तर दुकानांच्या साखळीला तासातासाचा इम्पोर्ट पुरतो, पण तो 8 रिफ्रेशमध्ये बसेल अशा वेळा निवडून. मिनिटामिनिटाला निर्णय घ्यावा लागतो तिथेच डायरेक्टक्वेरीचा खर्च करावा.

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात रिफ्रेशची वेळ लिहायची पद्धत आहे, ती मात्र फसवी. एखाद्या शाखेचं इंटरनेट नऊलाच गेलेलं असलं तरी अकराचं रिफ्रेश बिनबोभाट पार पडतं. त्यापेक्षा प्रत्येक शाखेसमोर डेटाबेसमध्ये आलेल्या शेवटच्या बिलाची वेळ छापा.