गुळगुळीत शिवराई आणि आपले गैरसमज

बेळगावच्या शहापुरात असो की निपाणीच्या बाजारात, तांब्या-पितळेची मोड वजनावर घेणाऱ्यांच्या ढिगात कधीमधी एखादे जुने नाणे सापडते. बहुतेक वेळा ते इतके झिजलेले असते की दुकानदार त्यावरून अंगठा फिरवतो आणि पुन्हा ढिगात टाकतो. मला ओढ आहे ती अशाच नाण्यांची. जे नाणे कोरे करकरीत राहिले, ते बहुधा कुणाच्या तरी पेटीत किंवा पुरलेल्या हंड्यात पडून होते. झिजलेल्या नाण्याने मात्र मीठ-मिरची आणली, तंबाखूच्या शेतावरची मजुरी चुकवली, सौंदत्तीच्या यात्रेत हात बदलले. गरिबाघरचा पैसा कसा फिरत होता, ते त्याच्याच अंगावर उमटलेले असते. तरीही या नाण्यांविषयीचे काही समज आपल्या भागात इतके घट्ट बसले आहेत की त्यापायी चांगली नाणी हकनाक भट्टीत जातात.

‘काही दिसत नाही, म्हणजे ते भंगार’

दिसत नाही, कारण आपण डोक्यावरच्या दिव्याखाली बघतो. नाणे काळ्या कापडावर ठेवावे, खोलीत अंधार करावा आणि बॅटरीचा झोत अगदी आडवा, नाण्याच्या कडेकडून सोडावा. सपाट वाटणाऱ्या तांब्यावर अक्षरांच्या सावल्या पडतात. झिजेलाही एक क्रम असतो. आधी उंच भाग जातात: इंग्रजी नाण्यावर राणीचा गाल, केस, मुकुट. कडेलगतची अक्षरे उंचवट्याच्या आडोशाने बरीच टिकतात. त्यामुळे चेहरा पुरता गेला असला तरी कडेला ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’ एवढे वाचता येते, आणि तेवढ्यावरून नाणे १८७७ च्या आधीचे की नंतरचे ते ठरते.

अक्षर एकही उरले नसेल तर तराजू काढावा. इंग्रजी अमलातला तांब्याचा पाव आणा ६.४८ ग्रॅमचा आणि साधारण एक इंच रुंद. अर्धा पैसा त्याच्या निम्मा. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. झिजेने वजन थोडे उतरते, पण प्रकार ओळखू न येण्याइतके क्वचितच.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे ठरल्या वजनात दोन टक्क्यांहून जास्त तूट आली की रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे पाव ग्रॅमसुद्धा घट चालत नव्हती. मग पार सपाट झालेला रुपया आज तुमच्या हाती येतो, तेव्हा तो खजिन्याची आणि सराफाची नजर चुकवून वाचलेला असतो. अशा झिजलेल्या नाण्यांची इतरत्र कदरही होते. अमेरिकेत डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये नाण्यांच्या प्रतीसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. तिथले काही संग्राहक मुद्दाम सर्वांत खालच्या, म्हणजे १ क्रमांकाच्या प्रतीची नाणी शोधतात. अट अशी की नाण्याचा प्रकार ओळखता यावा आणि झीज नैसर्गिक वापराचीच असावी. कापलेले, ठोकलेले, भोक पाडलेले नाणे त्यांना चालत नाही. या तळच्या प्रतीसाठी तिथे चुरस लागते.

‘अक्षरे अर्धी आहेत, म्हणजे शिवराई झिजली’

नेहमीच तसे नसते. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे. तिच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’ असते. पण ठसा बहुतेकदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, आणि हाताने घाव घालताना चकती इकडेतिकडे सरके. म्हणून टांकसाळीतून बाहेर पडतानाच पुष्कळ शिवरायांवर ‘श्री’ अर्धा असे किंवा ‘शिव’ काठाबाहेर गेलेला असे. उरलेल्या अक्षरांच्या रेषा खोल आणि धारदार असतील, तर ते झिजेचे काम नव्हे. अक्षरांचे वळणही ठशागणिक बदलते. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘छत्रपती’. या फरकांचा पाठपुरावा करणाऱ्याला धड दिसणाऱ्या एका नाण्यापेक्षा दहा झिजलेली नाणी जास्त शिकवतात. दहा नाण्यांवर दहा वेगळे भाग शिल्लक असतात, ते शेजारी मांडले की पूर्ण ठसा डोळ्यांपुढे उभा राहतो. शिवाय अशी दहा नाणी शाळकरी मुलालाही परवडतात.

‘शिवराई आहे, म्हणजे महाराजांच्या काळातली’

हा समज मोडताना समोरच्याचे मन दुखते, हे मला ठाऊक आहे. शिवराई सुरू झाली ती १६७४ च्या राज्याभिषेकापासून. पण त्याच नावाने नंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही ती पाडली गेली, आणि इंग्रजी अंमल आल्यावरही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खेड्यापाड्यांत चालत राहिली. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे पेशवाईतली. आपल्याकडे सापडणाऱ्या शिवरायांत उत्तरकाळातल्याच फार. मला स्वतःला यात काही उणे वाटत नाही. राजा गेल्यावर दीडशेहून अधिक वर्षे रयतेने त्याच्या नावाचा पैसा कनवटीला बाळगला, याहून मोठे काय असते?

‘रुपयावर तोंड आहे, म्हणजे इंग्रजांचा’

सीमाभागात हे गृहीत धरू नये. बेळगाव इंग्रजांकडे होते, पण त्याला खेटून असलेले शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे. निपाणीपलीकडे कोल्हापूर संस्थान, आणि घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा. १८८१ चा गोव्याचा रुपया वजनाने आणि चांदीच्या कसाने इंग्रजी रुपयासारखाच होता. त्यावर तोंड आहे ते पोर्तुगालचा राजा लुईश याचे. नाणे झिजलेले असेल तर मागची बाजू बघावी. मुकुटाखाली ढालीचे राजचिन्ह दिसले तर तो गोव्याकडून आलेला.

त्याहून जुन्या, फारसी अक्षरांच्या रुपयांतही आपले गाव दडलेले आहे. औरंगजेबाने १६८७ मध्ये बेळगाव घेतल्यावर त्याचे नाव आझमनगर झाले, आणि पुढे मराठ्यांच्या अमलातही ‘आझमनगर गोकाक’ असे टांकसाळीचे नाव असलेले रुपये पडत होते. फारसीतले एवढेच दोन शब्द डोळ्यांत बसवून घेतले, तरी एखाद्या झिजलेल्या रुपयावर आपल्याच जिल्ह्याचे नाव ओळखता येईल.

‘चिंच लावून घासले की किंमत वाढते’

सर्वांत जास्त नुकसान या समजाने केले आहे. देवघरातली नाणी दसरा-दिवाळीला चिंच, लिंबू, राखेने घासायची आपली रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या असे घासून कित्येक शिवराया बाजारात झिजल्या नाहीत इतक्या देव्हाऱ्यात झिजल्या. तो भक्तीचा भाग आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संग्रहासाठी घेतलेले नाणे घासू नये. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी-काळा थर खालच्या धातूला जपतो. आम्ल लागले की तो थर जातो आणि त्याबरोबर उरलीसुरली अक्षरेही. मिळतो तो गुलाबी, निर्जीव तांब्याचा तुकडा, आणि जाणकार त्याला हात लावत नाही. शिशाच्या नाण्यांचे हाल तर विचारू नयेत. कोल्हापूर परिसरात धनुष्यबाणाचे चिन्ह असलेली प्राचीन कुर राजांची शिशाची नाणी मिळाली आहेत. असे नाणे लिंबाच्या रसात टाकणे म्हणजे ते संपवणे.

माती काढायची असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि मऊ कापडाने नुसते टिपून घ्यावे. मात्र तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर ते क्षारांमुळे लागलेले दुखणे आहे. ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे ठेवून जाणकाराला दाखवावे.

‘जुने तितके महाग’

१८३५ चा ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा जवळपास दोनशे वर्षांचा, पण तो एवढ्या प्रचंड संख्येने पाडला गेला की आजही थोडक्या पैशांत मिळतो. शिवाय नाण्यावरचे साल म्हणजे ते पाडल्याचे साल, असेही नेहमी नसते. १८४० सालाचे रुपये पुढे अनेक वर्षे त्याच सालाने निघाले, आणि १८६२ च्या रुपयाचेही तेच झाले. भाव ठरतो तो किती नाणी उरली आणि किती जणांना ती हवी आहेत, यावर.

भोकाचा पैसा आणि राम-दरबार

१९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा कुणी टोचलेला नाही. महायुद्धात धातू वाचवायला तो टांकसाळीतच तसा केला. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेले, राम-दरबार किंवा मारुतीचे चित्र असलेले ‘नाणे’ कंपनीने कधीच पाडले नाही. त्या नंतर कुणीतरी बनवलेल्या वस्तू आहेत. त्यांना मुद्दाम झिजवून जुनेपणही आणतात. खरी झीज उंच भागावर जास्त आणि खोलगटात कमी असते. सगळीकडे सारखाच बुळबुळीतपणा, बारीक छिद्रे किंवा काठावर जोडाची रेघ दिसली तर घेऊ नये. तांदूळ ओढून घेणारे तांब्याचे नाणे ही तर सरळ फसवणूक आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून लोकांना लुबाडले जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

‘शेतात सापडले, म्हणजे माझे’

बेळगावच्या कडेलाच वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती उत्खननात मिळाली आहे, तेव्हा नांगराला नाणी लागणे या भागात नवलाचे नाही. निखात निधी कायद्याप्रमाणे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सापडवणाऱ्याचा हक्क हा कायदा बुडवत नाही. लपवल्यास मात्र तो हक्क जातो आणि वर शिक्षाही आहे. नाणी वितळवली किंवा चार जणांत वाटून टाकली की ती कुठल्या थरात, कशाबरोबर होती, हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.

दुकानातून वा नातेवाइकाकडून घेतलेल्या नाण्याचीही माहिती अशीच हरवते. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ते ठेवू नये, त्यातून चिकट हिरवा थर धरतो. साध्या कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर गाव, तारीख, वजन आणि कुणाच्या घरून आले ते लिहावे. नाण्यावरचे अक्षर गेलेले असते, तेव्हा ही चार ओळींची नोंदच त्याला खानापूरचे, हुक्केरीचे की चिकोडीचे म्हणून ओळख देते.