साखर खाणारे जंतू आणि गाडीचे तेल

आंबोळीचे पीठ भिजवून ठेवले, की रात्रीतून ते फुगते व आंबते. हे काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. ते पिठातली साखर खातात. असेच काही जीव साखर खाऊन अल्कोहोल तयार करतात. हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळतात. १०० भागांत २० भाग अल्कोहोल असलेले पेट्रोल २०२३ सालापासून आपल्याकडे मिळू लागले.

हे जीव साखर खातात कसे, ते आपण पाहू.

जंतूला तोंड नाही, दात नाहीत. जंतू म्हणजे एक बारीकशी पिशवी. पिशवीच्या पडद्याला दारे असतात. द्राक्षातली साधी साखर या दारांतून आत शिरते. बाहेर साखर पुष्कळ, आत थोडी. म्हणून ती आपसूक आत येते. उसाची साखर मात्र दोन साध्या साखरा जोडून झालेली असते. ती आधी बाहेर फोडावी लागते. मग दोन्ही तुकडे आत जातात. आत गेल्यावर साखरेचे अल्कोहोल आणि वायू होतात. १०० किलो साध्या साखरेचे फार तर ५१ किलो अल्कोहोल होते. बाकीचा वायू उडून जातो.

कारखान्यात मळी आंबवण्याचे काम बहुधा यीस्ट करते. ते बुरशीच्या जातीचे. पण झायमोमोनास नावाचा जंतूही या कामात तरबेज आहे. बांधावरची घायपात मूळ मेक्सिको देशाकडची. तिकडे तिच्या जातीच्या झाडांचा रस आंबवून पेय करतात. त्यात हा जंतू सापडतो.

मग अडचण कोठे आहे? नुसती मळी पुरत नाही, म्हणून उसाचा रसही वापरतात. २०२३ साली पाऊस कमी झाला. साखर कमी पडेल, म्हणून सरकारने डिसेंबरात रसापासून अल्कोहोल करण्यावर बंधन घातले. पुढे २०२४ साली ते उठले. पण साखर पोटाला द्यावी की गाडीला, हा पेच राहिलाच.

त्यावर एक उपाय आहे. चिपाडात आणि पेंढ्यातही साखर असते. ती धाग्यात कुलूप लावल्यासारखी बंद असते. धागा वाफेने व पाचक रसाने फोडला, की दोन साखरा सुटतात. एक द्राक्षातली. ती जंतू लगेच खातो. दुसरी लाकूडसाखर. ती दाराशी मागे पडते, कारण पहिली साखर आधी आत घुसते. आत आली, तरी झायमोमोनासला ती पचत नाही. १९९५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दुसऱ्या जंतूचे चार गुणधर्म या जंतूत घातले. तेव्हा त्याला लाकूडसाखर पचू लागली.

हरियाणात पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून अल्कोहोल करणारा कारखाना २०२२ साली देशाला अर्पण झाला.

तरी आम्ही एक सांगतो. चिपाड काही फुकट पडलेले नसते. ते जाळून कारखाने वाफ आणि वीज करतात. पेंढा गुरांना लागतो. कोणी पेंढा विकत मागू लागला, तर आधी आपल्या गोठ्याचा हिशेब करावा. उरेल तो खुशाल द्यावा.