गरिबाला चालेल एवढे औषध

सुरुवात बहुधा पावलावर किंवा घोट्यापाशी होते. जांभळट डाग, काळ्या त्वचेवर तो काळाच दिसतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून अंगावर काढला जातो. पुढे डागांच्या गाठी होतात, पाय सुजून लाकडासारखा टणक लागतो. टाळूवरही असेच डाग उठतात, त्यामुळे जाणता डॉक्टर रोग्याला तोंड उघडायला सांगतो. हा कापोसी सार्कोमा, रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी नाते असलेला मृदू ऊतींचा कर्करोग.

व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले. युरोपात तो दुर्मीळच राहिला. युगांडात मात्र इतका आढळे, की १९६१ मध्ये कम्पालाच्या मेकेरेरे कॉलेजात केवळ त्याच्यावर परिषद भरली. १९६७ मध्ये तिथल्याच मुलागो रुग्णालयाच्या परिसरात युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. हुकूमशहा इदी अमीनच्या काळात परदेशी डॉक्टर निघून गेले, तेव्हा युगांडाचेच डॉक्टर चार्ल्स ओल्वेनी यांनी ती चालू ठेवली. आफ्रिकेतल्या कर्करोगाविषयी लिहिताना हे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते.

तोवर हा बहुतेक प्रौढांत सावकाश चालणारा आजार होता. १९८३ मध्ये झांबियातील लुसाकाच्या शल्यविशारद अ‍ॅन बेली यांच्याकडे वेगळेच रोगी येऊ लागले: तरुण, झपाट्याने खालावणारे, नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. एड्सने आफ्रिकेत हे रूप घेतले होते. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ मध्ये या रोगामागचा हर्पीस कुळातला विषाणू शोधला. भारतात हा विषाणू फारसा पसरलेला नाही. म्हणूनच मुंबई-सांगलीकडे एचआयव्ही फोफावला, तेव्हाही कापोसी इथे क्वचितच दिसला.

एचआयव्हीवरच्या औषधांची किंमत आफ्रिकेच्या आवाक्यात यायला मुंबईचा हातभार लागला. २००१ मध्ये ‘सिप्ला’ने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला, तोवर त्याला दहा हजार डॉलरहून अधिक लागत. सौम्य कापोसी पुष्कळदा एवढ्यानेही ओसरतो. बळावलेल्याला केमो लागते, आणि खरा प्रश्न तिथे आहे.

श्रीमंत देशांत महागडे लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन. आफ्रिकेत स्वस्त ब्लिओमायसिन-व्हिन्क्रिस्टिन, नाहीतर इटोपोसाइडच्या कॅप्सूल. या कॅप्सूलना ना सलाइन लागते, ना खाट. केमोचे आणखी एक औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. ते द्यायचे तर शिरेतून हळूहळू सोडावे लागते, रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी स्टिरॉइड द्यावे लागते, आणि शेजारी परिचारिका हवी. डॉक्टर निर्दय नव्हते. औषधालयात असेल ते देत होते. पण ‘इथे एवढे चालेल’ हे गृहीत नीट तपासलेले नव्हते.

ते तपासले गेले ब्राझील, केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या सहा देशांत. बळावलेला कापोसी असलेल्या सर्वांना एचआयव्हीची औषधे मिळत होती. फरक फक्त केमोचा. इटोपोसाइडचा गट २०१६ मध्येच थांबवावा लागला. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. ४८ आठवड्यांनी आजार न वाढता जगलेल्यांचे प्रमाण पॅक्लिटॅक्सेलवर ६४ टक्के, ब्लिओमायसिन-व्हिन्क्रिस्टिनवर ४४. इटोपोसाइडशी केलेल्या तुलनेत पॅक्लिटॅक्सेलवर ५० टक्के, इटोपोसाइडवर अवघे २०. हे आकडे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. सोय म्हणून दिलेल्या कॅप्सूलची किंमत रोग्यांनी मोजली होती.

पॅक्लिटॅक्सेलवर आता कुणा एका कंपनीची मक्तेदारी नाही. भारतीय कंपन्याही ते बनवतात. आता अडते ते खुर्ची, परिचारिका आणि बसभाड्यापाशी, आणि त्याआधी निदानापाशी. नुसत्या नजरेने निदान चुकते. त्वचेचा काही मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि पॅथॉलॉजिस्ट मोजकेच. तुकडा काढण्यासाठी तरी डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही: युगांडा आणि केनियात डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हे काम शिकवले गेले, आणि ते त्यांनी सुरक्षितपणे करून दाखवले. हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यात न्यायला हवे, आणि त्याच्या पाठोपाठ पॅक्लिटॅक्सेलही.