उजेडाने घट्ट होणारा लेप

"सर, चिपवर एवढ्या बारीक रेषा काढायला पेन कुठलं वापरतात?" आठवीच्या वर्गातला प्रश्न. पेन नसतंच, ते काम उजेड करतो, म्हटल्यावर मुलं हसली. मग सुरुवात लग्नपत्रिका छापणाऱ्यापासून केली.

स्क्रीन प्रिंटिंगवाला चौकटीवर ताणलेल्या जाळीला इमल्शनचा पातळ थर देतो. थर वाळला की काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म त्याला चिकटवून प्रखर प्रकाशात ठेवतो. प्रकाश पडला तिथला लेप कडक होतो, अक्षरांच्या सावलीतला मऊच राहतो. पाण्याचा फवारा मारला की हा मऊ लेप वाहून जातो आणि जाळीत अक्षरांच्या आकाराच्या वाटा मोकळ्या होतात. शाई तिथूनच कागदावर उतरते. म्हणजे प्रकाशामुळे इथे पदार्थाची विद्राव्यता बदलते. मुलं नुसतं 'रंग बदलतो' असं लिहितात, तिथे थांबवा.

युक्ती जुनीच. फ्रान्सच्या निसेफोर निएप्सने १८२० च्या दशकात धातूच्या पत्र्यावर बिटुमेन, म्हणजे एक प्रकारचं डांबर, लावलं. ऊन लागलेला भाग घट्ट झाला, उरलेला लॅव्हेंडरच्या तेलात विरघळला.

सर्किट बोर्डावर असाच लेप तांब्याच्या थरावर असतो. उघडं पडलेलं तांबं फेरिक क्लोराइड खातं, लेपाखालचं वाचतं. चिपसाठी सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्ट लावतात. त्यात उलटा प्रकारही असतो : प्रकाश लागलेलाच भाग धुऊन निघतो. जाड खडूने बारीक अक्षर येत नाही ना? तसंच रेषा बारीक हवी तर तरंगलांबी कमी हवी. आजच्या सर्वांत प्रगत चिपसाठी १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. चिपच्या कारखान्यांत या लेपाचं काम चालतं त्या खोल्या पिवळ्या दिसतात, कारण लेपाला अतिनील आणि निळा प्रकाश बाधतो, पिवळा नाही.

पालकांनो, एक मात्र कळकळीने सांगतो. प्रकल्पासाठी मुलांना डायक्रोमेटची पूड आणून देऊ नका. जिलेटिनमध्ये ती मिसळून लेप करायची जुनी कृती आहे, पण त्यातल्या क्रोमियममुळे कर्करोग होऊ शकतो. 'थोडीशीच तर आहे' हे चालणार नाही. क्रोमियम नसलेलं तयार इमल्शन मिळतं. हातमोजे घालून ते जाळीच्या तुकड्यावर लावा, अंधारात वाळवा. वर पिंपळपान, त्यावर काच ठेवून उन्हात धरा. किती वेळ, हे दोन-तीन तुकड्यांवर आधी बघून घ्या. मग धुवा. जाळीत पानाच्या आकाराची खिडकी उघडते.