सव्वापट गंधार, दीडपट पंचम

पाऊण मोठा की दोन तृतीयांश? पाचवी-सहावीतल्या मुलाला विचारून पाहा. बरीच मुलं छेदाकडे बघून अंदाजानं उत्तर देतात. हाच प्रश्न कानाला विचारता येतो, आणि त्यासाठीचं साहित्य गोंदिया जिल्ह्यात शोधत फिरावं लागत नाही.

बुरडाकडून सारख्या जाडीच्या बांबूच्या पोकळ कांड्या आणा. एका टोकाची गाठ तशीच राहू द्या. तेच नळीचं बूड. दुसरं टोक कापून पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर ओठ कापतो. पहिल्या नळीची आतली खोली ३० सेंटिमीटर ठेवा. पेनच्या टोपणात फुंकतो तशी आडवी फुंकर मारली की सूर निघेल. तो आपला सा.

आता मुलांनीच हिशेब करायचा. १५ सेंटिमीटरची नळी वरचा सा देते. २० ची, म्हणजे दोन तृतीयांश लांबीची, पंचम. पाऊण लांबीची, म्हणजे साडेबावीसची, मध्यम. २४ ची गंधार. मध्यमाची नळी पंचमाच्या नळीपेक्षा लांब आहे, म्हणून तिचा सूर खाली. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हातात आहे आणि कानातही.

कारण सोपं आहे. नळीतल्या हवेचा स्तंभ जितका आखूड, तितकी कंपनं जास्त. लांबी निम्मी झाली की कंपनं दुप्पट, दोन तृतीयांश झाली की दीडपट, चार पंचमांश झाली की सव्वापट. आपल्या आजोबांनी पाठ केलेली सवायकी-दिडकी इथे चक्क वाजते. इंग्रजी माध्यमातल्या नातवाला हे शब्द शिकवायला याहून चांगलं निमित्त मला तरी सुचत नाही.

पहिल्या प्रयत्नात सूर चुकतातच. नळी जास्त कापली गेली तर ती परत लांब होत नाही. उलट सूर थोडा खाली लागला तर नळीत धानाचे चार-सहा दाणे टाका. खोली कमी होते, सूर चढतो. किती दाण्यांनी किती चढला, हे मुलं न सांगता मोजू लागतात.

टाकाऊतून असं शिकवण्याची वाट आपल्याकडे अरविंद गुप्तांनी रुळवली. आयआयटी कानपूरचे हे अभियंते १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती उभी करू लागले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शीतपेयाच्या नळीची पिपी वाजवता वाजवता कात्रीनं कापत जाण्याचा त्यांचा प्रयोग पोरांना हमखास हसवतो.

मात्र पेटी-तबल्याचा क्लास लावला की गणिताचे गुण वाढतात, या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. साला आणि गोबेट या संशोधकांनी २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले. ज्या अभ्यासांत तुलनेतली मुलंही दुसरं काहीतरी शिकत होती, तिथे संगीताचा असा फायदा जवळपास शून्य निघाला. नळी मोजून कापताना मात्र अपूर्णांक हाच त्या कामाचा भाग असतो. तो वगळून सूर लागत नाही.

एक काळजी घ्या. प्रत्येक मुलाची नळी वेगळी ठेवा, एकमेकांची उष्टी नळी नको. करवत मोठ्यांनी चालवावी. फुंकून फुंकून चक्कर आल्यासारखं वाटलं तर थोडा वेळ थांबायचं, आणि तोवर पुढच्या नळीची लांबी काढायची.