अधांतरी मेजाची स्थिरता: समजुती आणि वस्तुस्थिती

इ. स. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या अमदानीत त्याचा सरदार राजाखान पठाण याने बांधविलेला, आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात कैदखाना म्हणून उपयोगात आलेला भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला पाहताना, त्याचे तट आणि बुरूज इतकी वर्षे उभे कसे राहिले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. दगडावर दगड ठेवला की वरचा खालच्यास दाबतो, दरवाजाच्या कमानीतले दगड एकमेकांस रेटतात, आणि जो भार पडावयाचा तो पायरीपायरीने जमिनीत उतरतो. हा व्यवहार डोळ्यांस दिसतो, म्हणून मनास पटतो. दगड दाब उत्तम सोसतो, ओढ मात्र त्यास सोसत नाही, हे गवंड्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अशा वास्तूंच्या सहवासात वाढलेल्या आपल्या बुद्धीचा एक पक्का ग्रह होऊन बसतो की, जी वस्तू वर आहे तिला खालून टेकू असलाच पाहिजे. अलीकडे शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतून आणि सुतारांच्या दुकानांतून दिसू लागलेल्या अधांतरी मेजाविषयी जे गैरसमज ऐकू येतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ, माझ्या मते, या एकाच ग्रहात आहे.

प्रथम या मेजाची रचना सांगितली पाहिजे. त्याचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांस कोठेही टेकत नाहीत. खालच्या बैठकीतून एक बाहू वर जातो आणि वळून मध्यभागी येतो; वरच्या फळीतून दुसरा बाहू खाली उतरतो आणि तोही वळून मध्यभागी, परंतु पहिल्या बाहूच्या टोकाच्या खाली येतो. ही दोन टोके एका आखूड दोरीने जोडलेली असतात, आणि फळीच्या कडेपासून बैठकीच्या कडेपर्यंत तीन लांब दोऱ्या ताणून बांधलेल्या असतात. दोरीस ढकलता येत नाही, केवळ ओढता येते, हे सर्वांस मान्य असल्यामुळे फळी वर राहिलेली पाहून कोणी लोहचुंबकाचा संशय घेतो, कोणी दोरीच्या आत दडविलेल्या तारेचा. दोन्ही संशय निराधार आहेत. साध्या सुताने किंवा साखळीने बांधलेले मेजही तितकेच निश्चल उभे राहते.

याहून अधिक प्रचलित, आणि विचारी माणसांनाही फसविणारा, समज असा की कडेच्या तीन दोऱ्यांनी फळी उचलून धरली आहे. वस्तुतः त्या दोऱ्या फळीस खाली ओढीत असतात. फळीचा सारा भार मधल्या आखूड दोरीवर असतो. वरच्या भागाच्या बाहूचे टोक खालच्या भागाच्या टोकाखाली असल्याने, वरचा भाग खालच्या भागास चक्क लटकलेला असतो. परंतु त्याचा गुरुत्वमध्य ज्या बिंदूस तो लटकला आहे त्या बिंदूच्या वर असल्यामुळे, एकट्या मधल्या दोरीवर सोडल्यास तो तत्क्षणी उलथून पडेल. तो उलथू नये एवढ्याचसाठी कडेच्या दोऱ्यांची तजवीज आहे. फळी एका बाजूस कलू लागली की समोरची बाजू वर उठू पाहते, आणि तेथील दोरी तिला उठू देत नाही. तीन दोऱ्या मध्यबिंदूभोवती त्रिकोणात बांधल्या असता कोणत्याही दिशेने कलताना निदान एका दोरीची जागा वर उठावीच लागते, म्हणून तीन पुरतात. मध्यबिंदूच्या दोहो बाजूंस समोरासमोर दोनच बांधल्या, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवती फळी मोकळी राहते आणि पडते.

यातूनच हिशेबाची एक गोष्ट निघते, जी मेज बनविणाऱ्याने कधीही विसरू नये. समजा, वरच्या भागाचे वजन २ किलो आहे आणि कडेच्या प्रत्येक दोरीत १ किलो वजनाइतका ताण आहे; तर मधल्या दोरीवर ५ किलोंचा ताण येतो. अधिक बळकटी यावी म्हणून कडेच्या दोऱ्या प्रत्येकी १० किलोंपर्यंत आवळल्या, तर मेजावर एक वाटीसुद्धा न ठेवता मधली दोरी ३२ किलो सोशीत असते. जितके घट्ट तितके मजबूत, हा समज म्हणून अर्धाच खरा आहे. आवळल्याने मेज डुलणे कमी होते हे निर्विवाद. परंतु त्याची किंमत मधली दोरी आणि तिला धरणारे दोन्ही बाहू यांना मोजावी लागते.

मग आवळावयाचे तरी कशासाठी? या ठिकाणी विषय खरोखर सुंदर होतो. अवकाशात मोकळ्या असलेल्या कोणत्याही घन वस्तूस सहा प्रकारे हलता येते: तीन दिशांस सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. तिला पूर्णपणे जखडण्यास निदान सहा बंधने हवीत, आणि येथे तर दोऱ्या चारच. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली सांगाड्यांच्या दृढतेसाठी जो मोजणीचा नियम सांगितला, त्याप्रमाणे हे मेज लुळे पडावयास हवे. उभ्या समांतर दोऱ्या फळीचे वरखाली होणे आणि दोन दिशांस कलणे यांनाच थेट प्रतिबंध करतात. आडवे सरकणे आणि स्वतःभोवती पिळणे या हालचालींना, त्या अगदी सूक्ष्म असेपर्यंत, कोणतीही दोरी लांबावी लागत नाही. तरीही फळी सरकवून सोडली की परत येते, ती दोऱ्यांत आधीच भरून ठेवलेल्या ताणामुळे. तिरपी झालेली प्रत्येक ताणलेली दोरी तिला मूळ जागी ओढते. केंब्रिजचे अभियंते ख्रिस्तोफर कॅलडाइन यांनी १९७८ साली अशा रचनांचा मॅक्सवेलच्या नियमाशी मेळ घालून दाखविला: त्यांतील काही हालचाली खरोखरच मोकळ्या असतात, आणि पूर्वताण त्यांस दृढता देतो. म्हणून चांगले बनविलेले मेजही हाताने पिळले असता किंचित फिरते. तो कारागिराचा दोष समजू नये. हे पिळणे कमी करावयाचे तर केवळ आवळण्यापेक्षा कडेच्या दोऱ्या मध्यापासून दूर नेणे अधिक फलदायी. कारण हा प्रतिकार ताणाच्या प्रमाणात वाढतो, पण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि दोरीची लांबी वाढली की घटतो.

वजन ठेवले की मेज अधिक स्थिर होते, ही समजूतही अशीच सावधपणे तपासली पाहिजे. बरोबर मध्यावर वजन ठेवले तर मधल्या दोरीचा ताण वाढतो आणि आडवे डुलणे काहीसे आवरते. परंतु ती दोरी थोडी लांबते, फळी तितकी खाली येते, आणि कडेच्या दोऱ्या तितक्या सैलावतात. त्या पुरत्या ढिल्या झाल्या की पिळण्यास आणि प्रारंभीच्या कलण्यास अटकाव करणारे काही उरत नाही. सायकलच्या चाकाचे आरे असेच आधी ताणलेले असतात. भार पडला की जमिनीजवळच्या आऱ्यांतला ताण कमी होतो, आणि तो शून्यावर येणार नाही इतका तो आधीच भरलेला असावा लागतो. म्हणून मधली दोरी न लांबणारी, पोलादी तारेची किंवा साखळीची असावी. कडेच्या दोऱ्या थोड्या लवचीक असल्या तरी चालतात, किंबहुना तशा असणे बरे, कारण फळी किंचित खाली आल्यावरही त्यांत ताण शिल्लक राहतो. पुष्कळ लोक नेमके याच्या उलट करतात.

वजन कडेला ठेवले तर हिशेब आणखी कठोर होतो. दोऱ्या जेमतेम ताणलेल्या असून मध्यापासून २० सेंटिमीटरांवर ५ किलोंचे ओझे ठेवले, आणि समोरची दोरीही मध्यापासून २० सेंटिमीटरांवर असली, तर त्या दोरीत ५ किलोंचा ताण वाढतो आणि मधल्या दोरीवर १० किलोंची भर पडते. ओझे ठेवले पाच किलोंचे, मधल्या दोरीने सोसले दहा.

हे मेज मोडलेच तर दोरी तुटून मोडेल, असे सर्वजण धरून चालतात, कारण पाहणाऱ्यास दोरी नाजूक दिसते. साधी नायलॉनची दोरीही या ओझ्यांस सहज पुरते. दगा देतो तो बाहू, आणि तोही जेथे आडवा भाग उभ्यास मिळतो त्या सांध्यात. कारण मधल्या दोरीचा सारा ताण बाहूच्या टोकास ओढून त्यास वाकवीत असतो, आणि बाहूची पोच दुप्पट केली की सांध्यावरचा वाकविणारा जोर दुप्पट होतो. लाकडाचे तंतू वळणाला आडवे गेले असतील तर ते तेथेच फाटते. दोरीची खरी जोखीम तुटण्याची नसून हळूहळू लांबण्याची आहे: नायलॉन सततच्या ताणाखाली लांबत जातो आणि ओलाव्याने आणखी सैलावतो, तर सुताची किंवा अंबाडीची दोरी भिजली असता आखडते. भंडारा जिल्ह्यातील उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा ध्यानात घेता, ऋतू पालटला की ताण पाहून पुन्हा बेतशीर करावा लागतो. आंबागडच्याच मुलखातील चिखल्याच्या मँगनीज खाणीसारख्या भूमिगत खाणींत ओझे ओढणाऱ्या दोरांच्या नियमित तपासणीचा दंडक असतो, तो याच कारणास्तव: ताणाखालची दोरी आज जशी आहे तशी उद्या असेलच असे नाही.

अधांतरी रचनेची ही युक्ती अमेरिकन वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांची, असेही सांगितले जाते. त्यांनी तिचा प्रसार केला हे खरे. परंतु १९४८ साली अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात त्यांच्या वर्गास बसलेल्या केनेथ स्नेल्सन या तरुण शिल्पकाराने त्याच वर्षी अशी पहिली शिल्पे घडविली, आणि श्रेयाचा हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. त्याच्याही आधी, १९२१ साली, कार्ल इओगान्सन या कलावंताने मॉस्कोतील प्रदर्शनात काठ्या आणि दोऱ्यांच्या या जातीच्या रचना मांडल्या होत्या. या रचना केवळ खेळणीच आहेत असेही नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे २००९ साली खुला झालेला कुरिल्पा हा पादचारी पूल याच तत्त्वाचा आधार घेतो.

एक बाब मात्र दोऱ्यांच्या अधिकाराबाहेरची आहे. दोऱ्या कितीही नेमक्या बांधल्या तरी त्या वरच्या भागास खालच्या भागाशी बांधून ठेवतात, जमिनीशी नव्हे. मेज सगळेच्या सगळे उलटावयाचे की नाही, हे बैठकीचा विस्तार आणि एकंदर गुरुत्वमध्य यांवर ठरते. म्हणून बैठक फळीइतकी रुंद आणि फळीहून जड असावी, आणि लहान मुले ज्या घरात आहेत तेथे त्यावर जड समई किंवा पाण्याचा घडा ठेवू नये. फुलदाणी, वर्तमानपत्र आणि चहाचे दोन पेले एवढा भार ते निर्वेधपणे वाहील.