खुराचा खिळा : एका जर्मन शब्दाचे कूळ

घोड्याची नाल खुराला घट्ट धरून ठेवणारा लहानसा खिळा जर्मन भाषेत ‘हूफनागेल’ या नावाने ओळखला जातो. हा सामासिक शब्द आहे. ‘हूफ’ म्हणजे खूर आणि ‘नागेल’ म्हणजे खिळा. ही पदे कानाला परकी वाटली, तरी त्यांचे सगेसोयरे संस्कृतात आहेत.

खुरासाठी संस्कृतात ‘शफ’ हा प्राचीन शब्द आहे. संस्कृतातील ‘श’च्या जागी जर्मन भाषेत अनेकदा ‘ह’ आढळतो. ‘शत’ आणि ‘हुंडर्ट’, ‘श्वन्’ आणि ‘हुंड’ ही त्याची उदाहरणे. दोन्ही ध्वनी एकाच मूळ ‘क’सदृश ध्वनीपासून निघाले. जर्मन कुळातील अशा व्यंजनबदलांची नियमबद्ध मांडणी याकोब ग्रिम यांनी १८२२ साली केली.

‘नागेल’ हा आपल्या ‘नख’ या शब्दाचा भाऊबंद होय. त्याचा मूळ अर्थ बोटाचे नख; लोखंडी खिळा हा अर्थ पुढे जोडला गेला. आजही जर्मन भाषेत हे दोन्ही अर्थ रूढ आहेत. मराठीने ‘नख’ जपले. ‘नाल’ हा शब्द मात्र मूळचा अरबी आणि ‘नालबंद’ फारसी वळणाचा.

खुराचे बाहेरील कवच नखासारख्याच द्रव्याचे असते. तेथे वेदना होत नाहीत. म्हणून नालबंद खिळा बाहेरच्या अंगाला कलता ठोकतो, कवचातून बाहेर आलेले टोक तोडतो आणि उरलेला भाग वाकवून बसवतो. खिळा आतील जिवंत भागात शिरला, तर घोडा लंगडा होतो.

याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहात ‘खिळा’ नावाची एक छोटी कथा आहे. जत्रेत भरपूर कमाई केलेला व्यापारी घोड्यावरून घराकडे निघतो. नालेचा एक खिळा नाही, हे त्याला वाटेत सांगितले जाते. घाईपोटी तो दुर्लक्ष करतो. पुढे नाल निखळते, घोडा पडून त्याचा पाय मोडतो आणि व्यापाऱ्याला आपली पेटी खांद्यावर घेऊन रात्री उशिरा पायी घर गाठावे लागते.

खात्यातील नामनिर्देशनाचा रिकामा रकानाही असाच एक न ठोकलेला खिळा असतो. तो भरण्यास काही मिनिटे पुरतात. तो राहून गेल्याची किंमत मात्र मागे राहिलेल्या कुटुंबाला मोजावी लागते.